'आपल्याकडे ऊन फार' म्हणून जाड ऑइल?

इंजिन ऑइलबद्दलच्या शंका थांबायला तयार नाहीत, म्हणून या वेळी फक्त त्यांचीच उत्तरं.

बाइकचं अर्धा लिटर ऑइल उरलंय. कारमध्ये टाकू का?

नाही.

डिझेल गाडीचं ऑइल आठवड्यात काळं पडलं. फसवलं का?

डिझेलमध्ये काजळीमुळे ते होतंच. रंगावरून निदान करू नका.

सोलापूरला राहतो. छोट्या पेट्रोल गाडीच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलंय. गॅरेजवाला म्हणतो, 'आपल्याकडे ऊन फार, २०डब्ल्यू-५० टाका, इंजिन टिकेल.'

हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत! डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते. बाहेर २५ अंश असो की ४३, तापलेल्या इंजिनातलं कूलंट थर्मोस्टॅट साधारण ९० अंशांच्या आसपास राखतो. म्हणजे सोलापूरचं ऊन इंजिनाच्या आत तुम्हाला वाटतं तेवढं पोचतच नाही.

आता दाटपणा बघा. १०० अंशांना २० ग्रेडचा (म्हणजे दुसरा आकडा २०) ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक), ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९. दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त! आजच्या इंजिनातल्या फटी आणि ऑइलच्या वाटा बारीक ठेवलेल्या असतात, अनेक गाड्यांत व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं टायमिंगही ऑइलच्याच दाबावर हलतं. सकाळी चावी फिरवली की जाड ऑइल कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचायला वेळ घेतं, आणि झीज होते ती नेमकी तेव्हा. वर मायलेज जातं ते वेगळंच. काही मॅन्युअलमध्ये हवामानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेले असतात. निवड त्यातूनच करा. गाडी जुनी असेल आणि ऑइल खात असेल, तर ग्रेड बदलण्याआधी ते जातंय कुठे, हे सर्व्हिस सेंटरला तपासायला लावा.

वर्षभरात गाडी जेमतेम ३,००० किलोमीटर चालली. ऑइल बदलू की थांबू?

बदला. मॅन्युअलमध्ये किलोमीटरच्या शेजारी महिनेही छापलेले असतात, ते कोणी वाचत नाही. भाजी आणायला दोन किलोमीटर जाऊन बंद केलेली गाडी नीट तापतच नाही. पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच मुरतं. अशाच एका 'कमी चाललेल्या' गाडीचं ऑइलचं झाकण मी उघडलं, तर आतून सायीसारखा पिवळट थर. मालक तीन वर्षं थांबले होते.

सर्व्हिसच्या बिलात 'इंजिन फ्लश' आणि 'ॲडिटिव्ह' लावलंय. गरज असते का?

मॅन्युअलमध्ये असेल तर. नसेल तर सही करण्याआधी 'हे कशासाठी?' एवढंच विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

बीएस-६ डिझेल. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर चढलंय, मी तर टाकलं नाही.

सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, काडी पुसून परत बघा. तरी वर असेल तर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीची) सफाई अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता मोठी. पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नका, लांबचा प्रवास रद्द करा आणि गाडी आजच दाखवा.