जुन्या येझदी रोडकिंगवर नवे पार्ट बसवलेत म्हणून जास्त पैसे द्यावेत का?

तुम्ही बघितलेली रोडकिंग, म्हणजे येझदीची टू-स्ट्रोक मोटरसायकल, १९८४ ची. मालकाने १२ व्होल्ट सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन), जपानी मिकुनीसारखा कार्बोरेटर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवलाय आणि तिन्हींचे पैसे लावतोय. मी कोल्हापूरचा, घरी येझदीच आहे. माझ्या मते यातल्या एकाचे पैसे द्या, एकाचे तपासून द्या आणि एकाचे उलट कापून घ्या.

सीडीआयचे खुशाल द्या. सहा व्होल्टची, जुन्या पद्धतीच्या पॉइंटवर ठिणगी पाडणारी गाडी आमच्याकडच्या जुलैच्या पावसात जीव खाते. फक्त काम नीट झालंय का ते बघा. बॅटरीला मल्टिमीटर लावून रेस द्या, १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. आकडा हललाच नाही तर चार्जिंग नाही, १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय. बल्ब आणि हॉर्नही १२ व्होल्टचेच आहेत ना, बघा. टाकी उचलून वायरिंग बघू द्या म्हणा. नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळली असेल तर सगळं पुन्हा करावं लागेल. कीक उलटी मारत असेल तर ठिणगीचं टायमिंग पुढे गेलंय. येझदीला कीक आणि गिअरचा दांडा एकच, त्यामुळे ही चाचणी जाड बूट घालूनच करा!

कार्बोरेटरचं खरं-खोटं मात्र घाटात कळतं. रंकाळ्याला एक चक्कर मारून काही समजत नाही. नवा प्लग घाला आणि वाघबीळमार्गे पन्हाळा चढा. चढावर थ्रॉटल भरपूर उघडा असतानाच सुरक्षित जागा बघून क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी कडेला घ्या, प्लग काढा. तपकिरी आला तर जेटिंग, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं माप, जमलंय. काळा, ओला आला तर पेट्रोल जास्त जातंय. धूर आणि खर्च वाढेल, एवढंच. पांढराफटक आला तर पेट्रोल कमी जातंय; सौदा तिथंच थांबवून कारण शोधा. या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळे पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडतं, वर इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. बऱ्याचदा दोष जेटचा नसतोच, कार्बोरेटर जोडायला बनवलेल्या अ‍ॅडॉप्टरमधून हवा ओढत असते. आयडलवर त्या सांध्यावर थोडं कार्ब क्लीनर मारा; आवाज बदलला की गळती पक्की. आपल्या उद्यमनगरात चांगला लेथवाला असा अ‍ॅडॉप्टर नीट करून देतो, त्यामुळे एवढ्यावरून गाडी सोडू नका, पैसे कमी करा.

डिस्क ब्रेक मला पटत नाही, कापायचे ते त्याचेच. त्या फोर्कवर कॅलिपर धरायला मूळ जागाच नाही, म्हणजे मूळ फोर्कच ठेवला असेल तर बहुधा पट्टी वेल्ड केलेली असणार. पन्हाळ्याहून उतरताना माझा भरवसा त्या वेल्डिंगवर बसणार नाही. मूळचा ड्रम लेथवर टर्न करून नवे लायनर घातले की या गाडीच्या वेगाला ब्रेक पुरतो.

कागदाचंही बघा. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळवा. २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. तुमच्या गाडीला त्याला अजून वेळ आहे, तरी मालकाला आत्ताच विचारा: जुना जिकोव्ह कार्बोरेटर, डायनामो, पुढचा ड्रम आणि फोर्क बदलला असेल तर मूळ फोर्क कुठाय? पोत्यात भरून गाडीबरोबर देत असेल तर तो सांगतोय त्या भावाच्या जवळपास जा. भंगारात घातलं म्हणाला, तर ते सामान आज शोधून आणायला काय पडेल ते विचारून या आणि तेवढे कापूनच बोला.