भिंतीवरचं कॉकपिट : वाचकांचे प्रश्न, निवृत्त वैमानिकाची उत्तरं

मागच्या अंकात मी बोइंगवरून एअरबसवर गेलो तेव्हाची फजिती दोन ओळीत लिहिली होती, तर एवढी पत्रं आली की संपादकबाई म्हणाल्या आता हे प्रकरण तुम्हीच निस्तरा. बागेला पाणी देता देता जमतील तेवढी उत्तरं देतोय. राहिलेल्यांनी रागवू नका.

प्रश्न : भाऊ, माझा पोरगा दोन वर्षांपासून पंख्याच्या विमानावर, ते एटीआर म्हणतेत त्याच्यावर, को-पायलट आहे. आता कंपनी त्याले एअरबसवर टाकून राहिली. सुट्टीत घरी आला तं भिंतभर बटनांचा कागद चिकटवला अन् रात्री बारा-बारा वाजेपर्यंत त्याच्यापुढं खुर्ची टाकून हात हलवते, एकटाच बडबडते. आजीनं तं नजर उतरवली. विमान उडवता येते तं पुन्हा पयल्यापासून शिकाचं कायले? अन् पोळ्यापर्यंत मोकळा होईन का?
— एक आई, तिरोडा तालुका

उत्तर : ताई, पोरगं एकदम बरोबर आहे, आजीला सांगा मीठ-मोहऱ्या वाचवा. त्या कागदाला आमच्यात पेपर टायगर म्हणतात. कॉकपिटमधलं कोणतं बटण कुठे आहे आणि कशानंतर काय दाबायचं हे हातात बसवायला त्याच्यासारखी स्वस्त वस्तू नाही, आणि बडबड म्हणजे चेकलिस्ट आणि कॉलआउट, दोघं वैमानिक एकमेकांना मोठ्याने बोलून सांगतात ते. त्याच्या जोडीला कोणी नाही म्हणून दोघांचंही तोच बोलतोय. जमलं तर संध्याकाळी अर्धा तास तुम्हीच बाजूला बसा आणि तो म्हणेल ते कागदावरून वाचून दाखवा, लय मदत होईल त्याला.

आता पुन्हा कायले शिकाचं. एटीआर 72 म्हणजे सत्तरेक सीटचं, भरून फार तर 23 टनांचं विमान. एअरबस ए320 मध्ये 180 माणसं बसतात आणि वजन जातं 78 टनांच्या घरात. पण वजनाचं सोडा, मेन फरक स्वभावाचा आहे. एटीआरची पॉवर कमी केली की समोरचे पंखेच ब्रेकसारखं काम करतात, उंच राहिलो, वेग जास्त झाला तर सावरून घेता येतं. जेटचं तसं नाही, भरलेली बंडी उतारावर बैलांच्या अंगावर येते ना तसं ते विमान अंगावर येतं, खाली उतरायचं आणि वेगही कमी करायचा ही दोन्ही कामं एकदम होत नाहीत, म्हणून कुठून उतरायला सुरुवात करायची त्याचा हिशोब शंभर मैल आधीच डोक्यात चालू ठेवावा लागतो. रनवेवर टेकताना एटीआर ताशी दोनशे किलोमीटरच्या आगेमागे असतं, हे अडीचशेच्या. आणि पाय! एटीआरवर पॉवर बदलली की पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, द्यावाच लागतो, एअरबसवर हवेत असताना पाय बहुतेक वेळ गप्प ठेवायचे असतात. दोन वर्षांची पायाची सवय आहे त्याची, ती सुटायला वेळ लागणार.

कार्यक्रम असा असतो. आधी वर्ग आणि कॉम्प्युटरवरचा अभ्यास, विमानाची सिस्टिम अन् सिस्टिम, मग लेखी परीक्षा. मग न हलणाऱ्या ट्रेनरवर बटणांचा सराव. मग खरा सिम्युलेटर, सहा पायांवर उभी असलेली मोठी पेटी, आत हुबेहूब कॉकपिट, आणि ती अशी डोलते-हादरते की पाच मिनिटांत माणूस विसरतो आपण जमिनीवर आहोत. चार-चार तासांचं एक सेशन, त्यात दोन तास हा उडवणार आणि दोन तास जोडीदाराला मदत करणार. आणि वेळ? सिम्युलेटर करोडोंची मशीन, चोवीस तास चालते, त्यामुळे आपल्याकडे शेतीची लाईन जशी रात्रीच येते तसा शिकणाऱ्याचा नंबर हमखास रात्री दोन वाजता लागतो. तो दिवसा झोपलेला दिसला तर उठवू नका.

तिथे रोज काहीतरी बिघडवून देतात. सगळ्यात जास्त वेळा म्हणजे टेकऑफच्या ऐन वेळी एक इंजिन बंद. रनवेवर एक वेग ठरलेला असतो, त्याला व्ही-वन म्हणतात, तो ओलांडला की थांबायचं नाही, एका इंजिनावर का होईना वर जायचंच. आता हात मागे ओढून थांबायचा मोह मोठा असतो म्हणून त्या वेगाला कॅप्टन थ्रस्ट लीव्हरवरचा (इंजिनाची ताकद त्यानेच कमीजास्त होते) हातच काढून घेतो. मला हे फार आवडतं, मोहच नको म्हणून हात काढून घ्यायचा.

सिम्युलेटरची परीक्षा झाली की लायसन्सवर ते विमान चढतं. त्यानंतर अनुभव कमी असेल तर रिकामं विमान घेऊन चार-सहा टेकऑफ-लँडिंग करून घेतात, अनुभव पुरेसा असला आणि सिम्युलेटर वरच्या दर्जाचा असला तर तेही लागत नाही, थेट प्रवासी घेऊन उडायचं, पण बाजूला ट्रेनिंग कॅप्टन आणि सुरुवातीला मागे आणखी एक वैमानिक बसलेला. असं बरेच आठवडे चालतं, मग शेवटचा चेक. तेव्हा पोळ्याचं विचाराल तर सिम्युलेटर उरकला असेल बहुतेक, पण मोकळा? नाही ताई. दिवाळीचं बोला.

प्रश्न : मी एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालो. आम्ही डेपोत जी गाडी हातात देत ती काढत होतो, नवी असो का जुनी. पायलटलेच एवढे नखरे काहून? भाचा म्हणते का ए320 चा पायलट ए321 चालवू शकते पण बोइंग नाही. हे कसं?
— आर्वी

उत्तर : भाचा बरोबर बोलतो. ए319, ए320, ए321 ही एकाच घरातली भावंडं, लांबी कमीजास्त पण कॉकपिट तेच, म्हणून लायसन्सवर एकच नोंद आणि थोडासा फरकाचा अभ्यास. बोइंग 737 म्हणजे दुसरं घर.

पण भाऊ, तुम्ही जी गाडी मिळाली ती काढत होता ना, मग आठवा, बिनाक्लचची इलेक्ट्रिक गाडी पहिल्यांदा हातात आली तर डावा पाय काय करेल? क्लच शोधेल. माझं तेच झालं. मी बरीच वर्षं 737 वर होतो. तिथे हातात मोठं स्टिअरिंग, त्याला इंग्रजीत योक म्हणतात, म्हणजे आपलं जू, बैलाच्या मानेवरचं! त्या योकवर अंगठ्याखाली ट्रिमचं, म्हणजे विमानाचा तोल साधून हातावरचा जोर कमी करायचं, बटण असतं, वेग बदलला की अंगठा आपोआप ते दाबतो, वैमानिकाला कळतही नाही. ए320 मध्ये योकच नाही, बाजूला छोटी दांडी, साइडस्टिक, आणि ट्रिम विमान स्वतःच करतं. माझा अंगठा पहिल्या चार सेशनमध्ये त्या दांडीवर ट्रिम शोधत फिरत होता. इन्स्ट्रक्टर मागून पेनाने अंगठ्यावर टिचकी मारायचे. चाळिशीतला माणूस मी, घरी दोन लेकरं, आणि शाळेतल्यासारखा मार खातोय.

दुसरी गोष्ट थ्रस्ट लीव्हर. माझ्या 737 वर लीव्हर जिथे ताकद तिथे, न पाहता हाताला कळायचं इंजिन किती ओढतंय. ए320 मध्ये टेकऑफनंतर लीव्हर एका खाचेत ठेवला की थेट उतरेपर्यंत तो तिथेच, इंजिन आतल्या आत कमीजास्त होतं पण लीव्हर हलत नाही. म्हणजे हाताने जे समजायचं ते आता डोळ्याने काट्यावर पाहायचं. आणि टेकायच्या जरा आधी विमान स्वतः ओरडतं, रिटार्ड, रिटार्ड, म्हणजे बाबा आता तरी मागे ओढ. शिव्या दिल्यासारखंच वाटतं पहिल्यांदा.

बोइंगमध्ये दोघांचे योक जोडलेले, एकाने हलवला की दुसऱ्याचा हलतो. एअरबसच्या दोन दांड्या जोडलेल्याच नाहीत, दोघांनी एकदम हलवल्या तर विमान दोघांची बेरीज करतं आणि ड्युअल इनपुट म्हणून बोंबलतं. म्हणून आय हॅव कंट्रोल, यू हॅव कंट्रोल हे तोंडाने म्हणायची शिस्त तिथे अजून कडक.

आणि नखरे म्हणाल तर ऐका, तेच विमान, नुसती खुर्ची बदलली तरी ट्रेनिंग लागतं. को-पायलट उजवीकडे बसतो, दांडी उजव्या हातात, लीव्हर डाव्या. कॅप्टन झाला की डावीकडे, सगळं उलटं. डावीकडे जुंपायची सवय असलेला बैल एक दिवस उजवीकडे जुंपून पाहा, तास सोडतो की नाही? बैल तोच, वावर तेच.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, पायलट व्हायचंय. आधीच एअरबसचं रेटिंग करून ठेवलं तर नोकरी लवकर मिळेल का?
— मोर्शी

उत्तर : बेटा, घाई नको. आधी फिजिक्स-मॅथ्स चांगले कर, मेडिकल तपासणी करून घे, मग 200 तासांचं कमर्शियल लायसन्स. लांब जायची गरज नाही, गोंदियाच्या बिरसीला मोठी फ्लाइंग स्कूल आहे. रेटिंगला, म्हणजे एखाद्या विमानाची लायसन्सवर नोंद करून घ्यायला, पुन्हा लाखो रुपये लागतात, कर्ज काढून केलं आणि नोकरी लांबली तर हात गंजतो. शिवाय कंपनी कोणतं विमान देईल ते तिच्या हातात असतं. माझं मत म्हणशील तर आधी नोकरी मग रेटिंग, वावर विकून तर अजिबातच नाही, बाबांना हे पान दाखव.

प्रश्न : नवीन विमान आलं की अपघात होतात असं वाटतं. मग हे ट्रेनिंग करतं काय?
— एक शिक्षक, मेहकर

उत्तर : सर, प्रश्न टोचणारा आहे आणि खोटाही नाही. 14 फेब्रुवारी 1990 ला बंगळुरूला ए320 कोसळलं तेव्हा ते विमान आपल्या देशात अगदी नवं होतं. उतरताना इंजिन आयडलवरच, म्हणजे अगदी कमी ताकदीवरच, राहिली, वेग पडत गेला, लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. 146 पैकी 92 माणसं गेली. मी वर लीव्हरचं सांगितलं ना, हलत नाही म्हणून, तेव्हा वेगाच्या आकड्यावर नजर नसेल तर काय होतं ते आम्हाला पुढे प्रत्येक वर्गात याच अपघातावरून शिकवलं गेलं.

पण मला विचाराल तर एकदम नव्या विमानापेक्षा थोडंसंच नवं विमान जास्त घातक. एकदम नवं असलं की माणूस घाबरून शिकतो. थोडंच नवं असलं की म्हणतो, हे तर येतं आपल्याला. 8 जानेवारी 1989, इंग्लंडमधलं केगवर्थ. बोइंग 737-400, तेव्हाचं नवं मॉडेल, वैमानिक जुन्या 737 वर मुरलेले, आणि नव्या मॉडेलचा सिम्युलेटर त्या देशात तेव्हा नव्हताच. डाव्या इंजिनाचं पातं तुटलं, धूर आला. जुन्या विमानात प्रवाशांच्या केबिनला हवा उजव्या इंजिनाकडून यायची, धूर केबिनकडून येतोय असं वाटलं, म्हणून उजवं बंद केलं. नव्या मॉडेलमध्ये डावं इंजिनही मागच्या केबिनला हवा देत होतं! आणि दैव बघा, उजवं बंद केल्यावर धूर कमी झाला, म्हणून खात्रीच पटली. चांगलं इंजिन बंद करून बिघडलेल्यावर उडत राहिले, रनवेच्या जवळ येऊन पडले, 47 जण गेले. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, अजूनही सांगताना त्रास होतो कारण त्या जागी मी असतो तर उजवंच बंद केलं असतं असं मला वाटतं.

737 मॅक्स या आणखी नव्या मॉडेलचंही तेच, ऑक्टोबर 2018 मध्ये इंडोनेशिया, मार्च 2019 मध्ये इथिओपिया, मिळून 346 माणसं. जुन्या 737 च्या वैमानिकाला कॉम्प्युटरवरचा छोटासा कोर्स दिला की झालं, फार फरक नाही असं सांगितलं गेलं. आणि नाक खाली दाबणारी जी नवी यंत्रणा टाकली होती तिची माहितीच वैमानिकांच्या पुस्तकात दिली नव्हती. इथे वैमानिकाने काय शिकायचं होतं ते त्याला सांगितलंच नाही, त्याला ट्रेनिंगचा दोष म्हणायचं की आणखी कशाचा ते तुम्हीच ठरवा सर. नंतर मॅक्ससाठी सिम्युलेटर सक्तीचा केला, पण आधी 346.

प्रश्न : एअरबसवर गेला की पायलट जुनं विमान उडवू शकत नाही का?
— लाखांदूर

उत्तर : लायसन्सवर नोंद राहते. पण 90 दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाले नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, आणि सहा-सहा महिन्यांनी सिम्युलेटरची परीक्षा वेगळीच. कंपन्या साधारण एका माणसाला एकाच विमानावर ठेवतात. मला आता 737 मध्ये बसवलं तर काय होईल? अंगठा बहुतेक गप्प बसेल, आणि तिथे तो चालायला पाहिजे.