‘पिक अप’ने किती ओझं उचलायचं?

प्रश्न : मी गोव्यात कांदोळीच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. ‘पिक अप’ म्हणजे उचलणं, एवढंच शाळेत शिकलो. इथे मॅनेजर म्हणतात, बिझनेस पिक अप होतोय. एक ब्रिटिश पाहुणे मित्रांबरोबर जेवले आणि ‘आय विल पिक अप द बिल’ म्हणाले. ते बिल न्यायला काउंटरवर येतील म्हणून मी वाट बघत बसलो. डिक्शनरीत या क्रियापदाचे अर्थ संपता संपत नाहीत. ते सगळे पाठ करायचे का? आणि प्रत्येकासाठी समानार्थी शब्द कुठला?
— एक वाचक, कांदोळी

उत्तर : पाठ करू नका. पाठ केलेलं काउंटरवर आठवत नाही. त्याऐवजी वाक्य ऐकलं की एकच बघा : कोण काय उचलतंय?

तुमच्या पाहुण्यापासूनच सुरुवात करू. तो बिल ‘पिक अप’ करणार म्हणजे सगळ्यांचे पैसे तो एकटा भरणार. इथे सरळ समानार्थी शब्द ‘पे’. अमेरिकन असता तर ‘बिल’च्या जागी ‘टॅब’ किंवा ‘चेक’ म्हणाला असता. असं कुणी म्हटलं की बिल त्याच्याच हातात द्यायचं, टेबलाच्या मधोमध ठेवायचं नाही. नाहीतर ‘मी देतो, मी देतो’ सुरू होतं.

आता मॅनेजरांचं वाक्य. धंदा काहीच उचलत नाही, म्हणजे वाक्यात कर्मच नाही. कर्म नसलेलं ‘पिक अप’ बहुतेक वेळा वाढण्याचं, सुधारण्याचं असतं. ऑक्टोबरात किनाऱ्यावर खाण्यापिण्याचे शॅक उभे राहू लागले की ‘बिझनेस इज पिकिंग अप’. (‘पिक अप होतोय’ हे आपलं गोंयकारी मिश्रण. मॅनेजरांशी चालेल, पाहुण्याशी नको.) धंद्यासाठी ‘इम्प्रूव्ह’ हा शब्द बसतो. वाऱ्यासाठी मात्र नाही. जूनमध्ये ट्रॉलर मासेमारीबंदीमुळे जेटीला लागलेले असतात तेव्हा ‘द विंड इज पिकिंग अप’ म्हणजे वारा जोर धरतोय. तिथे ‘गेटिंग स्ट्राँगर’ म्हणा. वारा ‘इम्प्रूव्ह’ झाला असं पाहुण्याला सांगितलंत, तर लाल बावटा लागलेला असतानाही तो टॉवेल घेऊन समुद्राकडे निघेल. समानार्थी शब्दांच्या यादीवर माझा विश्वास नाही तो यासाठीच. यादीत दोन्ही शब्द शेजारी असतात, वाक्यात एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

माणूस कर्म असला की ‘कलेक्ट’ किंवा ‘फेच’. पाहुण्याला आधी विचारून घ्या, विमानतळ कुठला, दाबोळी की मोपा, आणि मग ‘द ड्रायव्हर विल पिक यू अप अ‍ॅट नाइन’. ‘यू’ मध्ये कसा आला तेही बघा. ‘पिक अप द गेस्ट’ चालतं, ‘पिक द गेस्ट अप’ही चालतं, पण यू, हिम, हर, देम, इट आले की त्यांची जागा मधलीच. ‘पिक अप यू’ कधीच नाही. आणि ‘आय विल लिफ्ट यू’ तर नकोच, पाहुण्याला वाटेल तुम्ही त्याला कडेवर घेणार. लिफ्ट द्यायची असेल तर ‘गिव्ह यू अ लिफ्ट’.

इथेच एक धोक्याचं वळण आहे. एखादा पायलट (आपला मोटारसायकलवाला, विमानाचा नव्हे) प्रामाणिकपणे सांगतो, ‘लास्ट नाइट आय पिक्ड अप अ लेडी इन बागा’. ऐकणारे गालात हसतात, कारण अनोळखी बाईला पटवून बरोबर नेणं हाही ‘पिक अप’च. कुठून कुठे ते सांगितलं की संशय फिटतो : ‘आय पिक्ड अप अ पॅसेंजर इन बागा अँड टुक हर टु म्हापसा’.

आपलं ‘उचलणं’ बऱ्याच ठिकाणी साथ देतं. फोन उचलला म्हणजे ‘आन्सर’. पोलिसांनी उचलला, म्हणजे ‘अरेस्ट’ किंवा नुसतं चौकशीला नेलं. पण पावाच्या बाबतीत सांभाळा. ‘आय पिक्ड अप सम पाव ऑन द वे’ म्हणजे येताना पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पाव विकत आणले. समानार्थी ‘बाय’, किंवा ‘गेट’. तेच मराठीत ‘वाटेत पाव उचलले’ म्हणालात तर घरचे विचारतील, कुणी बघितलं नाही ना? आपल्या उचल्याचं काम इंग्रजीत ‘लिफ्ट’कडे आहे, म्हणून दुकानातली चोरी ‘शॉपलिफ्टिंग’. आणि पगारातून घेतलेली उचल म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स’, तिथे ‘पिक अप’चा संबंध नाही.

मला यातला सर्वांत आवडता अर्थ शिकण्याचा. माझे मामा पोर्तुगीज अमदानीत सेगुंद ग्राव (तेव्हाची पोर्तुगीज शालेय परीक्षा) झालेले. पोर्तुगीज ते शाळेत बाकावर बसून, व्याकरण घोकून शिकले, ते ‘लर्न’. 1961 नंतर सगळा कारभार इंग्रजीकडे वळला तेव्हा ते एका खाण कंपनीच्या ऑफिसात होते. मास्तर नाही, पुस्तक नाही. बार्जवर किती खनिज चढलं त्याची इंग्रजी पत्रं टाइप करता करता आणि बोटीवरच्या लोकांशी बोलता बोलता त्यांना इंग्रजी येऊ लागलं. ‘ही पिक्ड अप इंग्लिश अ‍ॅट वर्क.’ इथे ‘लर्न’ घातलं तर चूक नाही, पण मुद्दाम शिकायला न बसता, कानावर पडून येणं त्यातून निसटतं. सवयीही अशाच लागतात, सर्दीही अशीच होते. सर्दीला ‘कॅच’ म्हणा.

राहिलं एक. रात्रपाळीवाला तुम्हाला म्हणेल, ‘पिक अप व्हेअर आय लेफ्ट ऑफ’, म्हणजे मी सोडलं तिथून पुढे सुरू कर. हे ‘कंटिन्यू’. थोडं भारदस्त हवं असेल तर ‘रिझ्यूम’.

प्रश्न : हॉटेलच्या दाराशी लावायच्या बोर्डावर ‘पिकअप पॉइंट’ इंग्रजीत लिहिताना पिक आणि अप जोडायचे की तोडायचे?
— एक वाचक, साखळी

उत्तर : नाम किंवा विशेषण असेल तर जोडून, मध्ये छोटी आडवी रेघ दिलीत तरी चालेल. क्रियापद नेहमी तोडून. म्हणजे बोर्डावर जोडून, ‘वुई पिक यू अप’ या जाहिरातीत तोडून. बोलतानाही फरक आहे : नामात जोर ‘पिक’वर येतो. मासळीची पेटी वाहणारी गाडीही जोडूनच.

प्रश्न : ‘पिक अप’च्या उलट ‘ड्रॉप ऑफ’ म्हणावं का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : दोन ठिकाणी बिनधास्त. पाहुण्याला नेऊन सोडलं तर ‘ड्रॉप्ड हिम ऑफ’, आणि पावसाळ्यात बुकिंग घटली तर ‘बुकिंग्ज ड्रॉप्ड ऑफ’. बाकी ठिकाणी प्रत्येक अर्थाचं उलट वेगळं. फोन उचलण्याच्या उलट ‘हँग अप’, सर्दी बरी होण्याला ‘गेट ओव्हर’. ‘ड्रॉप ऑफ’ला स्वतःचा एक अर्थ आहे, बसल्या बसल्या डोळा लागणं, त्याचं उलट ‘वेक अप’. दुपारी काउंटरवर मॅनेजर कुणाला उद्देशून ‘ही ड्रॉप्ड ऑफ’ म्हणाले, तर टॅक्सीची चौकशी करू नका.