मशीन नाही, गॅलरी नाही: पावसाळ्यात कपडे कसे धुवावेत आणि वाळवावेत?

तुमचा प्रश्न असा: रत्नागिरीत एका खोलीत राहता, कपडे तीन-तीन दिवस ओलेच राहतात, आणि वाळले तरी कुबट वास जात नाही, स्वस्तात काय करता येईल?

तो वास पावसाचा नसतो. कपड्यात उरलेला घाम, तेलकटपणा आणि नीट न निघालेली पावडर यांवर जिवाणू वाढतात, त्यांचा असतो. कपडा जितके तास ओला, तितकी त्यांची चंगळ. म्हणून रात्रभर भिजत घालणं आधी बंद करा, अर्धा तास पुरे होतो. दहा लिटर पाण्याला एक मोठा चमचा पावडर. बोअरचं जड पाणी असेल तर अर्धा चमचा धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) आधी विरघळवून घ्या. रेशीम आणि लोकरीला मात्र सोडा लावू नका. फेस येत नाही म्हणून पावडर वाढवत गेलात तर ती कपड्यातच बसते.

घासायचा कंटाळा असेल तर तुंबलेल्या बेसिनला वापरतात तसा रबरी पंप नवा आणा. त्याच्या वाटीला बोट जाईल अशी चार भोकं पाडा, नाहीतर तो कपड्यांना चिकटून बसतो. एका वेळी चार-पाच कपडे, पाच मिनिटं खाली-वर. बादली गच्च भरली की पाणी कपड्यांतून फिरतच नाही. कॉलर आणि बाह्यांच्या कडा ब्रशनेच घासाव्या लागतात.

खळबळताना बरेच जण चुकतात. किलोभर सुती कपडे हाताने पिळले तरी त्यांत साधारण लिटरभर पाणी उरतं, साबणासकट. त्यावर नऊ लिटर स्वच्छ पाणी घातलं की साबण एक दशांशावर येतो. पिळून पुन्हा तसंच केलं की शंभरावा भाग, तिसऱ्यांदा हजारावा. तेच सत्तावीस लिटर एकदम ओतलं तर जेमतेम अठ्ठाविसावा. पाणी तेवढंच, फरक मधल्या पिळण्याचा.

आता वाळवणं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण पाऊण युनिट विजेएवढी उष्णता लागते, आणि दमट हवेत ती वाफ मुरायलाही जागा नसते. म्हणून पाणी दोरीवर टाकायच्या आधीच काढा. मोरीतल्या भक्कम कडीत कपडा दुहेरी अडकवून दोन्ही टोकं एकत्र पिळा (नळाला अडकवू नका, तो हातात येईल). मग कोरडा टॉवेल पसरून त्यावर कपडा ठेवा, चटईसारखी गुंडाळी करा आणि मिनिटभर तिच्यावर गुडघे टेकून दाबा. एवढ्या एका गोष्टीने शर्टाचा वाळण्याचा वेळ बराच कमी होतो. टॉवेल ओला झाला की बदला.

दोरीवर दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा. शर्ट हँगरवर, बटणं उघडी. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेचं तोंड उघडं राहील अशी टांगा. टेबलफॅन बाजूने लावा. ५० वॅटचा पंखा आठ तास चालला तर ०.४ युनिट. मात्र खिडकी थोडी उघडी हवी किंवा एक्झॉस्ट चालू हवा. सगळं बंद करून पंखा लावला तर तेच पाणी खोलीतल्या खोलीत फिरतं आणि भिंतीला बुरशी धरते. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर अजिबात नको: त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस झोपेतच दगावतो.

वास आधीच मुरलेल्या पांढऱ्या सुती टॉवेल-चादरींसाठी उकळतं आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं घ्या, साठच्या आसपास अंश भरतं. चमचाभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवून ठेवा, काठीने हलवा. रंगीत कपड्यांना हे करू नका. ते वाळत आले की आतून इस्त्री फिरवा, आणि घडी घालण्याआधी कमरपट्टा गालाला लावून बघा. गार लागला तर अजून ओला आहे.