इंग्लंडमध्ये घरातल्या दिव्यांग व्यक्तीसाठी बदल करायला काउन्सिल पैसे देते का? आम्ही दोघंही कमावतो, तरी मिळतील?

प्रश्नातला तपशील थोडक्यात असा: सासूबाई पक्षाघातानंतर व्हीलचेअरवर आहेत, तुमच्याबरोबरच राहतात, घर तुमच्या नवऱ्याच्या नावावर आहे, बाथरूम वरच्या मजल्यावर आहे. खाली वेटरूम (उंबरठा नसलेली, जमिनीवरूनच पाणी वाहून जाणारी न्हाणी) आणि दारात रॅम्प हवा आहे, आणि बिल्डर पुढच्या महिन्यात मोकळा आहे.

आधी त्या बिल्डरला थांबवा. मंजुरीच्या आधी काम सुरू केलं तर काउन्सिल सहसा पैसे देत नाही, आणि काम पुरं झालेलं असेल तर विषयच संपला. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

या अनुदानाचं नाव डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट. बोलताना सगळे डीएफजीच म्हणतात. १९९६ च्या कायद्याने ते देणं काउन्सिलला बंधनकारक आहे. निकषात बसत असाल तर ‘यंदाचं बजेट संपलं’ हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये कमाल मर्यादा ३०,००० पौंड आहे (वेल्समध्ये ३६,०००, स्कॉटलंडची पद्धत वेगळी).

आता तुमच्या पगारांचं. उत्पन्न तपासतात ते दिव्यांग व्यक्तीचं आणि तिच्या जोडीदाराचं. घरमालक म्हणून अर्जावर तुमच्या नवऱ्याची सही लागेल, पण तुमचे दोघांचे पगार हिशेबात येत नाहीत. ‘आपल्याला कुठलं मिळायला’ असं म्हणून कित्येक घरं अर्जच करत नाहीत, ते या एका गैरसमजापायी. सासूबाईंच्या बचतीतले पहिले ६,००० पौंड सोडून देतात, त्यावरच्या रकमेवर काही उत्पन्न धरतात. भारतातली एफडी, पेन्शन, घरभाडं असेल तर तेही लिहा, लपवू नका. त्यांना गॅरंटी पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारा सरकारी भत्ता) मिळत असेल तर स्वतःचा वाटा भरावा लागत नाही.

समजा हिशेबात त्यांचा वाटा कामाच्या खर्चापेक्षा जास्त निघाला आणि ग्रँट शून्य आली, तरी अर्ज मागे घेऊ नका. ती ‘शून्य मंजुरी’ घ्या आणि काम रीतसर पुरं करा. पुढे तब्येत बिघडून आणखी काही करायची वेळ आली, तर आधी भरलेला वाटा तेव्हाच्या वाट्यातून वजा होतो.

सुरुवात काउन्सिलच्या ॲडल्ट सोशल केअरला फोन करून होते. तिथून ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी, घरी येतात. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन काउन्सिली आहेत, तिथे ओटी काउंटीचा आणि ग्रँट डिस्ट्रिक्टची. एकीकडचा कागद दुसरीकडे पोचला का, हे तुम्हालाच विचारत राहावं लागतं. दांडे, कठडे, छोटी पायरी अशी १,००० पौंडांच्या आतली किरकोळ कामं ओटीच्या शिफारशीवर फुकट होतात, त्यांना डीएफजी लागत नाही.

ओटीच्या भेटीत आपली माणसं एक घोळ हमखास घालतात. ओटी विचारतो, ‘कसं काय चाललंय?’ आणि आजी म्हणतात, ‘छान आहे हो, सून सगळं करते.’ अहवालात तेच उतरतं: गरज भागते आहे. खुर्चीतून उठायला तीन प्रयत्न लागत असतील तर ओटीसमोर तीन लागू द्या, मध्येच हात देऊ नका. रात्री किती वेळा उठवावं लागतं, अंघोळ आठवड्यातून किती वेळा जमते, कुठे तोल गेला, हे आधीच तारखेसकट कागदावर लिहून द्या. काम ‘गरजेचं आणि योग्य’ आहे हे ओटीच्या अहवालावरून ठरतं. ते त्या घरात होण्याजोगं आहे का, हे काउन्सिलचं हाउसिंग खातं बघतं.

रॅम्पचं गणित स्वतः करून ठेवा. दाराशी १५० मिमीच्या दोन पायऱ्या म्हणजे ३०० मिमी चढ. १:१२ उताराला ३.६ मीटर लांबी लागते, १:१५ ला साडेचार, आणि वर दारासमोर खुर्ची वळवायला साधारण दीड मीटरची सपाट जागा. पुढची बाग चार मीटरची असेल तर सरळ रॅम्प बसणार नाही. मग वळणाचा किंवा सुट्या भागांचा धातूचा रॅम्प बघावा लागतो. काँक्रीटचा रॅम्प भिंतीला थेट चिकटवून डॅम्प कोर्सच्या (जमिनीची ओल वर चढू नये म्हणून भिंतीत घातलेल्या थराच्या) वर नेला तर घरात ओल येते. मध्ये फट आणि पाण्याचा निचरा हवा.

वेटरूममध्ये अडतं ते बहुतेक पाणी बाहेर नेण्यावर. खालची जमीन काँक्रीटची असेल आणि ड्रेन लांब असेल, तर उतार मिळवायला जमीन फोडावी लागते किंवा पंप बसवावा लागतो. पंप आवाज करतो, बिघडतोही. पर्याय असेल तर मी तो टाळायलाच सांगेन. भिंत पोकळ प्लास्टरबोर्डची असेल तर टाइल्स लावायच्या आधी आत प्लायवूड घालून घ्या. नाहीतर घडीची शॉवर सीट नि दांडे वजनाने उपटून येतात. हे कोटेशनमध्ये लेखी असू द्या.

कोटेशनं साधारणपणे दोन लागतात. सोबत मालकीचा पुरावा आणि मालकाचं लेखी निवेदन, की सासूबाई पुढची पाच वर्षं किंवा तब्येत साथ देईल तोवर इथेच राहतील असा इरादा आहे. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून सहा महिन्यांत काउन्सिलने निर्णय द्यायलाच हवा. मेख ‘पूर्ण’ या शब्दात आहे. ओटीची वाट बघण्यात गेलेले महिने यात मोजत नाहीत, आणि एक कागद कमी असला तरी घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून ‘अर्ज अमुक तारखेला पूर्ण मिळाला’ असं ईमेलवर मागून घ्या. मंजुरीनंतर काम १२ महिन्यांत संपवायचं असतं.

घर तुमचं असल्याने एक अट वाचून सही करा. ग्रँट ५,००० पौंडांच्या वर गेली तर त्यावरच्या रकमेतले १०,००० पौंडांपर्यंत काउन्सिल घरावर बोजा म्हणून नोंदवू शकते. दहा वर्षांत घर विकलं तर ते परत मागू शकते.

रॅम्प, दारं रुंद करणं आणि दिव्यांग व्यक्तीसाठीचं बाथरूम यांवर व्हॅट शून्य असतो. बिल्डरला सासूबाईंच्या सहीचं घोषणापत्र आधी द्या. २० टक्के व्हॅट धरून कोटेशन आलं तर तीस हजारांची मर्यादा उगाच खाल्ली जाते.

आणि बाथरूम झालं की काउन्सिल टॅक्समधल्या दिव्यांग सवलतीचा अर्ज वेगळा करा. दिव्यांग व्यक्तीसाठी जादा बाथरूम असेल किंवा घरात व्हीलचेअर फिरवायला जागा लागत असेल, तर बिल एक बँड (घराच्या किमतीवरून ठरलेला कराचा गट) खालचं लागतं. डीएफजीचं खातं हे आपणहून सांगेलच असं नाही.