वाचकांचे प्रश्न : बोट थांबावे कुठे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. रात्री स्वयंपाकघर आवरले की साडेनऊच्या सुमारास पाच मिनिटे म्हणून फोन हाती घेते आणि मान वर करते तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात. काय पाहिले म्हणाल तर दोन रील्सही धड आठवत नाहीत. इन्स्टाग्राम दोनदा काढून टाकले. परंतु आमच्या वनस्पतिप्रेमी मंडळाच्या फेऱ्यांची सूचना, दोन आवडत्या लेखकांचे लिखाण आणि भाचीच्या मुलाचे फोटो तिथेच येत असल्यामुळे आठवड्याभरात ते पुन्हा घ्यावे लागले. याला काही बरा पर्याय आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्याला तिथून जे हवे आहे ते आपण मोजून तीन गोष्टींत सांगितले आहे, आणि त्या तिन्हींना मिळून दिवसाकाठी दहा मिनिटेही लागणार नाहीत. उरलेला वेळ ज्यात जातो ते आपण मागितलेले नसते. ते आपल्यापुढे वाढले जाते. तेव्हा ॲप ठेवावे की काढावे हा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवून, या तीन गोष्टी दुसऱ्या वाटेने घरात कशा येतील ते आधी पाहावे. नवी वाट पाडण्याआधीच जुनी बंद केल्यामुळे आपल्याला दोन्ही वेळा परतावे लागले, असे मला वाटते.

दोष आपल्या निग्रहाचा नाही, हेही सांगायला हवे. पूर्वी पानाच्या तळाशी ‘पुढील पान’ असे बटण असे आणि ते दाबण्यापूर्वी, क्षणभर का होईना, पुरे की अजून हे ठरवावे लागे. २००६ साली आझा रास्किन या रचनाकाराने ते बटणच नाहीसे करणारी, सरकवत गेले की खाली आपोआप भर पडत जाणारी मांडणी तयार केली. पुढे त्यांनी स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. दुसरी गोष्ट क्रमाची. २०१६पर्यंत इन्स्टाग्रामवर ओळखीच्यांच्या नोंदी ज्या क्रमाने येत त्याच क्रमाने दिसत, त्यामुळे काल पाहिलेला फोटो पुन्हा समोर आला की आजचे संपले हे कळे. त्यानंतर क्रम अल्गोरिदम, म्हणजे कोणाला काय दाखवायचे ते ठरवणारी संगणकीय पद्धत, लावू लागला आणि ती खूण पुसली गेली. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे कबुतरांवरील प्रयोग आपण अध्यापन पदविकेच्या वेळी वाचले असतील : दाणा नेमका कितव्या टोचीला मिळेल याचा भरवसा नसला की पक्षी अधिक चिकाटीने टोचत राहतो. दहा रील्समागे एखादीच मनाजोगती निघणे हे त्याच जातीचे आहे.

आता लेखकांचे पाहू. त्यांचा ब्लॉग किंवा संकेतस्थळ असेल, तर ‘आरएसएस’ ही १९९९पासूनची जुनी सोय अजून उत्तम चालते. संकेतस्थळ आपल्या नव्या नोंदींची यादी एका साध्या फाइलमध्ये ठेवते आणि फीडली किंवा इनोरीडर यांसारखा फीड रीडर ती वेळोवेळी पाहून नवे तेवढे आपल्यापुढे ठेवतो. २०१३च्या जुलैत गूगल रीडर बंद झाला तेव्हा ही सोयच संपली असा अनेकांचा समज झाला, तो चुकीचा आहे. पॉडकास्टचे वितरण आजही मुख्यतः तिच्यावरच चालते. वर्डप्रेसवरील ब्लॉगच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहिले की बहुधा ही फाइल सापडते. माझ्या रीडरमध्ये सध्या २३ पत्ते आहेत. आज सकाळी त्यांतून ११ नव्या नोंदी आल्या होत्या. एक दीर्घ लेख तिथल्या तिथे वाचला, तीन रात्रीसाठी राखून ठेवल्या, सात नुसती शीर्षके पाहून पुसल्या, आणि मग पडदा कोरा झाला. पहिले काही दिवस त्या कोऱ्या पडद्यापुढे चुकल्यासारखे होते, बोट उगाच खाली ओढून पाहते, तेवढे सोसावे.

आपले लेखक केवळ इन्स्टाग्रामवरच लिहीत असतील तर रीडरचा उपयोग नाही. त्यांना ईमेलवर लिखाण पाठवाल का, असे सरळ विचारावे. वाचकाने असे विचारलेले लेखकाला बहुधा आवडतेच. त्यांचा नकार आला तर ॲप काढून आठवड्यातून एकदा ब्राउझरमधून त्यांच्याच पानावर जावे आणि वाचून परत यावे. मंडळाच्या चिटणिसांना फेरीची सूचना व्हॉट्सॲपवर किंवा एसएमएसने पाठवण्याची विनंती करावी. ज्यांनी हे ॲप घेतलेलेच नाही अशा सभासदांचीही त्यामुळे सोय होईल. भाचीला मात्र रविवारी फोनच करावा.

राहिला तो रात्रीचा वेळ. अशा प्रसंगी ‘छंद जोपासा’ असे सांगण्याची रीत आहे, पण दिवसभराच्या कामानंतर साडेनऊला कोणी नवा छंद धरत नाही, आणि त्या वेळेसाठी जाडजूड कादंबरी काढून ठेवली तर ती उशाशी धूळ खाते. थकल्या डोळ्यांना झेपेल आणि आपोआप संपेल, असे काही हवे. आपल्याला झाडांची आवड आहे म्हणून सुचवतो : सकाळी फिरताना दिसलेल्या एखाद्याच अनोळखी पानाफुलाचा फोटो ‘आयनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावा. तिथे जाणकार नाव सुचवतात आणि एकाहून अधिक जणांचे मत जुळले की ओळख पक्की धरली जाते. रात्री त्यांची उत्तरे पाहावीत, ते नाव वहीत उतरवून शेजारी पानाचे चित्र काढावे. चित्र संपले की फोन स्वयंपाकघरातच चार्जिंगला लावावा, आणि गजरासाठी तो उशाशी लागतो ही सबब उरू नये म्हणून साधे घड्याळ आणावे.

प्रश्न : मास्टोडॉन या समाजमाध्यमावर अल्गोरिदम नाही म्हणतात. तिकडे गेलो तर प्रश्न मिटेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अर्धा मिटेल. २०१६ साली सुरू झालेल्या मास्टोडॉनवर आपण निवडलेल्या लोकांच्या नोंदी वेळेच्या क्रमाने येतात आणि कालच्या जागी पोहोचलो की थांबता येते. परंतु ४०० जणांना फॉलो केले तर ती जागा येणारच नाही. मराठी मंडळी तिथे थोडी आहेत, याची तयारी ठेवावी. मला स्वतःला ती गैरसोय वाटत नाही.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. शिकवणीचे व्हिडिओ यूट्यूबवर असल्याने फोन काढून घेता येत नाही, आणि दिला की तो भलतीकडे भरकटतो. काय करावे? (एक पालक, सांगली)

उत्तर : यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘वॉच हिस्टरी’ बंद करून आधीची नोंद पुसली की मुखपृष्ठावरील शिफारशी येत नाहीत, मग हवा तो विषय शोधावा लागतो किंवा सदस्यत्व घेतलेल्या वाहिन्यांच्या पानावर जावे लागते. हे त्याच्यासमोर बसून, त्याच्या संमतीने करावे, कारण पुन्हा चालू करायला त्याला अर्धे मिनिट पुरेल.

बाकी घरात काय करता येईल याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. नुसत्या ठरावाने ते होत नव्हते. आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांना दारोदार जाऊन सांगावे लागले. तो भोंगा केवळ मुलांसाठी नव्हता, मोठ्यांचे फोनही त्यात आले. आपल्या घरी अशी वेळ ठरवणार असाल, तर त्या दीड तासात आपला स्वतःचा फोन कोणत्या खोलीत असेल, ते मुलाला आधी सांगावे.