टेक्निकल डॉक्युमेंटेशनमधलं ग्रामर आणि पंक्चुएशन कसं सुधारावं? मराठी मीडियमचा आहे, मॅनेजर इंग्लिशवरून सतत बोलतो. कुठला इंग्लिशचा कोर्स लावू?

कोर्स लावू नका. निदान आधी हे वाचा आणि मग ठरवा.

मी पण मराठी मीडियमचीच, सांगली जिल्ह्यातली. पुण्यात डेटाबेस सपोर्टला होते तेव्हा एका क्लायंटचं ऑपरेशन गाईड लिहायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे रात्री डिस्क भरली तर शिफ्टवरच्या मुलाने काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं वगैरे. त्यात मी आर्काइव्ह लॉगबद्दल, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंद असलेल्या फाईलींबद्दल, एक वाक्य लिहिलं होतं, 'डिलीट द आर्काइव्ह लॉग्ज दॅट आर ऑलरेडी बॅक्ड अप.' आमच्या लीडने रिव्ह्यूत ते बदलून 'डिलीट द आर्काइव्ह लॉग्ज, विच आर ऑलरेडी बॅक्ड अप' असं केलं. मी म्हटलं अहो अर्थ बदलतोय, तर सगळ्यांसमोर म्हणाला, 'दॅट शाळकरी वाटतं, इंग्लिश मला शिकवू नकोस.' मी गप्प बसले. बसायला नको होतं.

आता मराठीत बघा. माझं वाक्य म्हणजे 'ज्या लॉगचा बॅकअप झालाय, तेवढेच उडव.' त्याचं वाक्य म्हणजे 'लॉग उडव, त्यांचा बॅकअप झालेलाच आहे.' फरक एका कॉमाचा आणि एका शब्दाचा, पण पहिल्यात आधी तपासावं लागतं, दुसऱ्यात कंपनीच तुम्हाला सांगतेय की तपासायची गरज नाही.

दोनेक महिन्यांनी रात्री डिस्क भरली. शिफ्टवरच्या मुलाने गाईड उघडलं, वाचलं, आणि सगळे आर्काइव्ह लॉग उडवले, अगदी लिहिलं होतं तसंच. बॅकअप रात्री आठला झालेला, त्यानंतरचे लॉग बॅकअपमध्येही नव्हते आणि स्टँडबायवर, म्हणजे मूळ सर्व्हर पडला तर वापरायच्या दुसऱ्या सर्व्हरवरही, पोचले नव्हते. प्रायमरी, म्हणजे मूळ सर्व्हर, चालू होता म्हणून डेटा वाचला, पण मधले लॉगच नसल्याने स्टँडबाय तिथेच अडकला आणि नवा फुल बॅकअप घेऊन तो पहिल्यापासून उभा करावा लागला. दुसऱ्या दिवशी कॉलवर पहिला प्रश्न, 'हे डॉक्युमेंट कोणी लिहिलंय?'

म्हणून सांगते, मॅनेजर ज्याला वीक इंग्लिश म्हणतो ते बरेचदा ॲक्सेंटबद्दल आणि जड शब्दांबद्दल असतं, त्याचा डॉक्युमेंटशी काही संबंध नाही. तुमच्याकडे जो-तो, जेव्हा-तेव्हा, जर-तर आहे ना, ते वापरा. प्रत्येक सूचना मनात मराठीत म्हणून बघायची. एका इंग्लिश वाक्याची दोन वेगळी मराठी वाक्यं निघाली की ते वाक्य चुकलंय, मग ते कितीही भारी वाटू दे. गूगलच्या डेव्हलपर डॉक्युमेंटेशन स्टाईल गाईडमध्ये हा दॅट-विचचा नियम स्पष्ट दिलाय, फुकट वाचायला मिळतं, लीडच्या तोंडावर ठेवायला बरं पडतं.

बाकी गोष्टी पटकन. एका स्टेपमध्ये एकच काम. विमानांच्या मेंटेनन्स मॅन्युअलसाठी जे सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश आहे त्यात सूचनेच्या वाक्याला 20 शब्दांची मर्यादा आहे, ती आपल्यालाही चालते. मस्ट, शुड, मे हे मनाला येईल तसे टाकू नका, इंटरनेटच्या मानकांसाठीच्या आरएफसी 2119 या डॉक्युमेंटमध्ये 1997 पासून त्यांचे अर्थ ठरवून दिलेत. कमांडच्या शेवटी पूर्णविराम देऊ नका, माणूस तो टिंबासकट कॉपी करतो आणि पाथ चुकतो. वर्डमध्ये लिहीत असाल तर ऑटोकरेक्टमधले स्मार्ट कोट्स आणि दोन हायफनचा लांब डॅश आधी बंद करा, दिसायला सुंदर दिसतं पण टर्मिनलवर पेस्ट केलं की एरर. व्हेल (Vale) नावाचं टूल आहे, तुमचे नियम त्यात टाकले की चुका आपोआप दाखवतं. पण कॉमाने अर्थ बदलला हे ते ओळखेल या भरवशावर राहू नका.

हां, डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे लोक, म्हणतील की लॉग हाताने उडवायचेच कशाला, आरमॅनला (ओरॅकल डेटाबेसचं बॅकअपचं टूल) सांगायचं की बॅकअप झालेलेच काढ, तो तेवढेच काढतो. बरोबर आहे, नंतर आम्ही तेच केलं. आणि ब्रिटिश इंग्लिशमध्ये कॉमा न देता 'विच' चालतं, म्हणजे लीडने नुसता शब्द बदलला असता तर मी एवढी चिडले नसते. कॉमानेच घात केला. तुमचं काळ-वचनच चुकत असेल तर मात्र कोर्स लावा, त्यात लाज नाही.

आणि एक, डॉक्युमेंट गिटमध्ये, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये, ठेवायचा हट्ट धरा. आमची वर्ड फाईल मेलवर फिरायची, ट्रॅक चेंजेस सगळे ॲक्सेप्ट करून टाकलेले, त्यामुळे तो कॉमा कोणी टाकला हे कुठेच दिसत नव्हतं आणि पहिल्या पानावर नाव माझं एकटीचं होतं.